पैनगंगाकाठचे धावपट्टे

बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा रिसोड तालुक्यात शिरते आणि पुढे वाशिम-हिंगोलीची सीव होते. तिच्या खोऱ्यातल्या गावांत धावणे हा शहरी छंद नाही. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही धाव असतेच. ही तयारी बहुतेक ठिकाणी डांबरी रस्त्याच्या कडेला, पहाटेच्या अंधारात, मालमोटारींच्या शेजारून चालते. जवळच मातीचे पांदण रस्ते असताना हे घडावे, हे मला पटत नाही. माती गुडघ्यांना डांबराइतका मार देत नाही, आणि नदीकाठच्या चढउतारांनी दम वाढतो. मांडव्याचा अविनाश साबळे आणि मोहीची ललिता बाबर यांनी दाखवूनच दिले आहे की, दुष्काळी गावांतूनही ऑलिंपिकपर्यंत जाता येते.

पांदण शेतकऱ्याची आहे, धावणाऱ्यांनी पीक तुडवले तर काय, ही शंका रास्त आहे. म्हणून नवी जमीन मागू नये, आहे ती वहिवाट वापरावी, आणि पेरणी-सोंगणीच्या दिवसांत गाडीबैलाला आधी वाट द्यावी. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो, सापांचेही भय असते. तेव्हा हे पट्टे दिवाळीनंतरचेच समजावेत, तेही उजाडल्यावर. ग्रामपंचायतींनी पांदणीवर मुरूम टाकताना दर 400 मीटरवर एक खुणेचा दगड रोवावा, एवढीच आमची विनंती आहे.