रेट्रो फर्स्ट-पर्सन शूटर खेळांचे पुनरुज्जीवन आणि मुंबई उपनगरे

रेट्रो फर्स्ट-पर्सन शूटर म्हणजे १९९० च्या दशकातील नेमबाजीच्या संगणकीय खेळांची रचना, वेग आणि दृश्यशैली जाणीवपूर्वक स्वीकारून अलीकडच्या काळात नव्याने तयार केलेले खेळ होत. या प्रकारात खेळाडू पात्राच्या डोळ्यांनी खेळातील जग पाहतो. इंग्रजीभाषक खेळाडूंमध्ये हे खेळ ‘बूमर शूटर’ या काहीशा थट्टेच्या नावाने ओळखले जातात. साधारणतः २०१६ पासून या प्रवाहाला जागतिक पातळीवर बळ मिळाले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत या शैलीचे मूळ खेळ एकेकाळी सायबर कॅफेंतून खेळले गेले. त्यामुळे तेथे या पुनरुज्जीवनाला स्मरणरंजनाचे मोठे अधिष्ठान आहे. नव्या खेळांची निर्मिती आणि जुन्या खेळांचे जतन या दोन्ही बाबतींत मात्र परिस्थिती वेगळी आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ (मे १९९२) आणि त्यापाठोपाठ आलेला ‘डूम’ (१० डिसेंबर १९९३) यांनी या प्रकाराचे व्याकरण निश्चित केले. अतिशय वेगवान हालचाल, एकाच वेळी अनेक शस्त्रे बाळगण्याची मुभा, रंगीत किल्ल्यांनी उघडणारी दारे, भिंतींमागील गुप्त खोल्या आणि वाटेत सापडणाऱ्या औषधपेट्यांनी भरून निघणारी प्रकृती ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. १९९६ मध्ये आलेल्या ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ आणि ‘क्वेक’ या खेळांनी ही परंपरा पुढे नेली. ‘क्वेक’मुळे परस्परांना जोडलेल्या संगणकांवर एकमेकांविरुद्ध खेळण्याची पद्धत अधिक रुळली.

१९९८ च्या ‘हाफ-लाइफ’नंतर कथानकाला महत्त्व आले. पुढे ‘हेलो’ (२००१) आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ (२००७) यांच्या प्रभावाखाली दोनच शस्त्रे, आडोशाला थांबल्यावर आपोआप भरून येणारी प्रकृती आणि ठरावीक वाटेने पुढे नेणारे प्रसंग ही रीत सर्वमान्य झाली. जुनी पद्धत मुख्य बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली, परंतु हौशी रचनाकारांच्या वर्तुळात ती टिकून राहिली.

उपनगरांतील सायबर कॅफे

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाल्यानंतर मुंबईत सायबर कॅफेंची संख्या वाढली. उपनगरांत रेल्वे स्थानकांच्या आसपास, शिकवणी वर्गांच्या व महाविद्यालयांच्या परिसरात, अनेकदा गाळ्यातील पोटमाळ्यावर हे कॅफे थाटले गेले. ईमेल आणि निकाल पाहण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांबरोबरच तासावर पैसे मोजून खेळणाऱ्या शाळकरी व महाविद्यालयीन मुलांचा वर्ग तेथे तयार झाला.

या कॅफेंतील सर्वांत प्रभावी खेळ ‘काउंटर-स्ट्राइक’ होय. ‘हाफ-लाइफ’वर आधारित हौशी बदल म्हणून १९९९ मध्ये सुरू झालेला हा खेळ व्हॉल्व्ह कंपनीने २००० मध्ये बाजारात आणला. त्याची १.६ ही आवृत्ती कॅफेतील संगणकांच्या स्थानिक जाळ्यावर, म्हणजे लॅनवर, इंटरनेटशिवाय चालत असे. जोडणी मंद आणि महाग असण्याच्या काळात हा गुण निर्णायक ठरला. एकट्याने खेळण्याच्या खेळांत ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’ (२०००) याला भारतात विलक्षण लोकप्रियता लाभली. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने बनवलेल्या या खेळात मोहिमेच्या मध्येच प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर चूक झाली तरी संपूर्ण मोहीम पुन्हा करावी लागे. कॅफेत मोजलेल्या तासाच्या हिशेबात ही गोष्ट खेळाडूंच्या विशेष लक्षात राहिली.

या संस्कृतीचा ऱ्हास अनेक कारणांनी झाला. घरोघरी ब्रॉडबँड आणि नंतर स्मार्टफोन आले. ११ एप्रिल २०११ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान (सायबर कॅफेसाठी मार्गदर्शक तत्त्वे) नियमांनुसार प्रत्येक ग्राहकाची ओळख पटवणे, नोंदवही किमान एक वर्ष जपणे आणि कप्प्यांची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त न ठेवणे बंधनकारक झाले. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलांसोबत प्रौढ व्यक्ती असणे आवश्यक ठरले. जे कॅफे टिकले त्यांतील काहींनी महागडी ग्राफिक्स कार्डे, वातानुकूलन आणि स्पर्धांसाठी खास आसनव्यवस्था असलेल्या गेमिंग कॅफेचे रूप घेतले.

जागतिक पुनरुज्जीवन

आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ची मूळ आज्ञावली डिसेंबर १९९७ मध्ये खुली केली आणि १९९९ मध्ये ती जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘क्वेक’ची आज्ञावलीही याच परवान्याखाली प्रसिद्ध झाली. परिणामी हे खेळ नव्या संगणकांवर चालते राहिले आणि जगभरातील हौशी रचनाकार त्यांत नव्या पातळ्या व नवे नियम घालत राहिले. ‘डूम’च्या आज्ञावलीतून विकसित झालेले ‘जीझेडडूम’ हे इंजिन आजही वापरात आहे.

२०१६ मध्ये ‘डेव्हिल डॅगर्स’ हा छोटा खेळ आणि आयडी सॉफ्टवेअरचाच नवा ‘डूम’ यांच्या यशाने जुन्या वेगाला बाजार असल्याचे दिसून आले. डेव्हिड शिमान्स्की यांनी बहुतांशी एकट्याने घडवलेला ‘डस्क’ मूळ ‘डूम’च्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, १० डिसेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाला. ‘आयन फ्युरी’ (२०१९) हा खेळ ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’च्याच बिल्ड इंजिनावर उभारण्यात आला. फिनलंडमधील ‘अल्ट्राकिल’ (२०२० पासून अपूर्णावस्थेत विक्रीस), ‘प्रोडियस’ (२०२२), चेकियातील एका रचनाकाराचा ‘एचआरओटी’ (२०२३) आणि ब्रिटनमधील ‘वॉरहॅमर ४०,००० : बोल्टगन’ (२०२३) ही पुढील उल्लेखनीय नावे होत. ‘सेलाको’ (२०२४) हा खेळ जीझेडडूमवर आधारित आहे.

या खेळांचे निर्माते संख्येने थोडे असतात. वास्तवसदृश चेहरे आणि चित्रपटासारखे प्रसंग तयार करण्याचा खर्च टाळून ते पातळ्यांची आखणी, वेग आणि संगीत यांवर श्रम खर्च करतात. मात्र जुनी दृश्यशैली हा केवळ काटकसरीचा मार्ग नाही. कमी रेषांत शत्रू दुरूनही चटकन ओळखू येतो आणि वेगवान खेळात हे आवश्यक असते.

उपनगरांतील सद्यस्थिती

मुंबई उपनगरांत या प्रवाहाला अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही घटक आढळतात. ‘डस्क’सारखे खेळ स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालू शकतात. ‘फ्रीडूम’, ‘ओपनअरीना’ आणि ‘झोनोटिक’ हे खेळ मुक्त परवान्यामुळे विनामूल्य मिळतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा असा हा प्रकार आहे. तथापि जुना दिसणारा प्रत्येक खेळ हलका असतो असे नाही. ‘प्रोडियस’ व ‘सेलाको’ यांना तुलनेने सक्षम संगणक लागतो.

मुख्य अडचण साधनाची आहे. भारतात खेळांचा प्रसार प्रामुख्याने मोबाइलवर झाला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. या घडामोडींचे जेवढे पडसाद उमटले तेवढे संगणकावरील कोणत्याही नेमबाजी खेळाबाबत उमटले नाहीत. रेट्रो शूटरची झटपट वळणे आणि क्षणार्धात होणारी शस्त्रबदली ही माऊस व कीबोर्ड गृहीत धरून रचलेली असते. स्पर्शपटलावर तिचे बरेचसे मर्म हरवते.

दुसरी अडचण प्रकाराच्या स्वरूपात आहे. उपनगरांतील आठवण ही सांघिक खेळाची आहे. गोरेगावच्या नेस्को संकुलात डिसेंबर २०१८ मध्ये झालेल्या ‘ड्रीमहॅक मुंबई’ महोत्सवातही आकर्षणाच्या केंद्रस्थानी संघांच्या स्पर्धा होत्या. याउलट नवे रेट्रो शूटर बहुतांशी एकट्याने खेळण्याचे आहेत. सांघिक खेळाची भूक ‘काउंटर-स्ट्राइक २’ (२०२३) आणि ‘व्हॅलोरंट’ (२०२०) भागवतात. त्यामुळे ज्या पिढीने कॅफेत शेजारी बसून खेळ अनुभवला तिला नव्या खेळांत जुना वेग परत मिळतो, परंतु जुनी संगत मिळत नाही.

‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्याची पूर्वकथा सांगणारा ‘आय.जी.आय. ओरिजिन्स’ हा खेळ २०१९ मध्ये जाहीर झाला, पण तो प्रसिद्ध होऊ शकला नाही. भारतीय खेळाडूंना ज्या जुन्या शूटरविषयी सर्वाधिक आपुलकी आहे, तोच या पुनरुज्जीवनाच्या बाहेर राहिला.

जतनाचा प्रश्न

मुंबईतही या प्रकारात निर्मितीचे प्रयत्न झाले होते. मिताशी या मुंबईतील कंपनीने २००२ मध्ये ‘भगतसिंग’ हा फर्स्ट-पर्सन शूटर बाजारात आणला. त्याच वर्षी हुतात्मा भगतसिंगांच्या जीवनावर हिंदी चित्रपटही प्रदर्शित झाले होते. हे चित्रपट आजही सहज पाहता येतात. सीडीवर विकल्या गेलेल्या खेळांचे तसे नाही. सीडी खराब होतात, सीडी चालवणारे यंत्र नव्या संगणकांत नसते आणि जुनी आज्ञावली नव्या कार्यप्रणालीवर चालत नाही.

‘डूम’ टिकला याचे श्रेय त्याच्या लोकप्रियतेइतकेच त्याच्या खुल्या आज्ञावलीला जाते. भारतीय कायद्यात अशा जतनासाठी अपुरी तरतूद आहे. पुस्तके व वृत्तपत्रे वितरण (सार्वजनिक ग्रंथालये) अधिनियम, १९५४ नुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्यातील राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबईतील टाउन हॉल येथील मध्यवर्ती ग्रंथालयालाही देणे बंधनकारक आहे. संगणकीय खेळ या अधिनियमाच्या कक्षेत येत नाहीत. प्रताधिकार अधिनियम, १९५७ संगणकीय आज्ञावलीला साहित्यकृती मानतो आणि साहित्यकृतीचे संरक्षण सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. म्हणजेच २००२ मधील खेळ २०६२ पूर्वी सार्वजनिक होण्याची शक्यता नाही. कायदेशीर प्रतधारकाला स्वतःपुरती राखीव प्रत करता येते, परंतु कॅफेंतील अनेक प्रती मुळातच परवानाधारक नसल्याने हा मार्ग तेथे उपयोगाचा ठरत नाही.

ही समस्या केवळ भारतापुरती नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत.

धोरण आणि पुढील दिशा

गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे कायमस्वरूपी संकुल उभारण्याचे नियोजन आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स व विस्तारित वास्तव यांसंबंधीच्या धोरणाला मान्यता दिली आणि २०५० पर्यंतच्या काळासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. एकदाच किंमत देऊन विकत घेतले जाणारे रेट्रो शूटर या बंदीच्या कक्षेबाहेर आहेत.

लहान चमूने, कमी भांडवलात आणि मुक्त साधनांच्या आधारे पूर्ण करता येणारा खेळ हे रेट्रो शूटरचे वैशिष्ट्य उपनगरांतील विद्यार्थी व नवोदित रचनाकारांच्या परिस्थितीशी जुळणारे आहे. परदेशांत हा प्रवाह जुन्या आज्ञावलीवर आणि ती शिकत मोठ्या झालेल्या हौशी रचनाकारांवर उभा राहिला. मुंबईत खेळाडूंची पिढी घडली, पण तिला उघडून पाहता येईल, दुरुस्त करता येईल असा स्थानिक खेळ उपलब्ध झाला नाही. नव्या संस्थांच्या कार्यक्रमांत खेळनिर्मितीच्या प्रशिक्षणाबरोबर जुन्या भारतीय खेळांच्या प्रती, आज्ञावली व परवाने मिळवून जपण्याचे काम समाविष्ट होते की नाही, यावर पुढील पिढीला हा वारसा प्रत्यक्ष खेळता येईल की त्याची केवळ नावेच वाचावी लागतील, हे ठरेल.