विमान पाऊण तासाचे, प्रवास किती तासांचा?

मुंबई ते रत्नागिरी हे हवाई अंतर जेमतेम 235 किलोमीटर. एटीआरसारखे लहान विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडते, म्हणजे चढण्या-उतरण्यासकट पाऊण तासात काम फत्ते. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या विमानतळाचा विषय निघाला की हाच पाऊण तास पुढे केला जातो. पण तो धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा हिशेब आहे आणि धावपट्टीवर कोणाचेच घर नसते. चाकरमानी राहतो डोंबिवली, नालासोपारा, कल्याणला आणि त्याचे गाव असते लांजा, राजापूर, संगमेश्वरकडे. मुंबईच्या विमानतळापर्यंतचे दीड-दोन तास, तिथे निदान तासभर आधी हजेरी, उतरल्यावर सामानाची वाट आणि पुढे गावापर्यंत तास-दीड तास. बेरीज सहज पाच तासांवर जाते. पावसाळा वगळता वंदे भारत सीएसएमटीहून रत्नागिरीला साडेचार तासांच्या आसपास आणते, शिवाय ठाण्याला आणि पनवेललाही थांबते. डोंबिवलीच्या माणसासाठी उरलेला फरक तासाभराचा, आणि तिकिटातला कितीचा, हे सांगायला नको.

युरोपातही छापील वेळ अशीच फसवी ठरली. लंडन-पॅरिस हे हवाई अंतर सुमारे 340 किलोमीटर. विमान तासा-सव्वातासाचे, तर खाडीखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार सुमारे सव्वादोन तासांची. तरीही प्रवासी मोठ्या संख्येने रेल्वेकडे वळले, कारण ती शहराच्या मध्यातून निघून शहराच्या मध्यात पोहोचते. फ्रान्सने तर 2023 पासून, अडीच तासांत रेल्वेने जाता येते अशा काही मार्गांवरची देशांतर्गत विमानेच बंद केली.

यावर कोणी म्हणेल, तिकडची गाडी ताशी 300 किलोमीटरने पळते आणि आपली क्रॉसिंगसाठी लूप लाइनवर ताटकळते, तुलना कशाला? तुलना त्यासाठीच. 1998 मध्ये पूर्णपणे सुरू झालेली कोकण रेल्वे आजही बहुतांश एकपदरी आहे. समोरून गाडी येऊन जाईपर्यंत आपली उभी. पावसाळी वेळापत्रकात वेग आणखी उतरतो. रोहा-वीर हा 46 किलोमीटरचा टप्पा 2021 मध्ये दुपदरी झाला. पुढे घाट, बोगदे आणि खर्च यांची कारणे आहेतच. कारणे खरी आहेत, पण हा मार्ग मुळात बांधला गेला तेव्हाही ती होतीच.

आंबा, पर्यटन, तातडीचे रुग्ण यांसाठी विमानतळ हवा, हा आक्षेप वजनदार आहे, विशेषतः रुग्णांचा. त्यासाठी विमानतळ जरूर व्हावा. हापूसच्या पेट्या मात्र लहान विमानाच्या पोटात मावतील तेवढ्याच. हंगामाचा भार ट्रकवरच राहणार. आणि नुसत्या इमारतीने सेवा टिकत नाही, हे शेजारच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाने दाखवले आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी गाजावाजात सुरू झालेल्या त्या विमानतळावरची मुंबई सेवा मध्येच खंडित झाली. प्रवासी पुरेसे नसले की अनुदानावरचे विमान उडेनासे होते. गणपतीत रेल्वेची प्रतीक्षायादी मात्र दरवर्षी ओसंडते. मागणी कुठे आहे हे त्या यादीतच लिहिलेले आहे. तेव्हा निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला, विमान कधी उडणार हे विचारण्याआधी, वीरच्या पुढचा दुसरा रूळ कधी पडणार हे रत्नागिरीकरांनी विचारावे.