‘आपला माणूस’ नेमका कोण?

मागच्या जूनमध्ये मामेबहिणीच्या नॉन-क्रिमीलेयर दाखल्यासाठी मी तहसील कार्यालयात चार चकरा मारल्या. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची मुदत जवळ येत होती. बाहेर टपरीवर बसलेल्या एजंटाने सरळ सांगितले, "दोन हजार द्या, परवा घेऊन जा." मोहल्ल्यातल्या मित्राने दुसरा मार्ग सुचवला, "नगरसेवक आपला माणूस आहे, त्याला फोन लाव." मला दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. एकात पैसे आज द्यायचे, दुसऱ्यात उपकार निवडणुकीत फेडायचे.

ऑफिसात हे सांगितले तेव्हा मूळचा बिहारचा असलेला एक सहकारी म्हणाला, "आमच्याकडे पंधरा वर्षे आपलाच माणूस होता." त्यानंतर मी बिहारबद्दल जरा नेटाने वाचले. आपल्या तरुणांनी ते वाचायला हवे.

१९८९च्या भागलपूर दंगलीनंतर तिथल्या मुसलमानांनी लालूप्रसादांना भरभरून मते दिली. त्यात चूक काही नव्हते. १९९० मध्ये अडवाणींची रथयात्रा त्यांनीच समस्तीपूरला अडवली होती. पण जिवाची हमी मिळाली म्हणून बाकी काही विचारायचेच नाही, असा अलिखित करार होऊन बसला. १९९६ मध्ये चारा घोटाळा उघड झाला, लालूंनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि राबडीदेवी खुर्चीवर बसल्या. मते पडतच राहिली. आणि ज्या भागलपूरमुळे हे सगळे सुरू झाले, तिथले कितीतरी खटले पुराव्याअभावी बंद पडून होते. ते पुन्हा उघडले २००५ नंतर, नितीशकुमार यांच्या सरकारने, आणि ते सरकार भाजपच्या सोबतीने चाललेले! हे वाचताना मलाही अवघडल्यासारखे झाले.

दुसरे उदाहरण सिवानचे खासदार मोहम्मद शहाबुद्दीन यांचे. नाव आपले, दबदबा मोठा. २००७ मध्ये अपहरणाच्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्या तुरुंगात जाण्याने सिवानचा सामान्य मुसलमान काय गमावून बसला? बाहुबली आपल्या नावाचा असला तरी खंडणी देताना दुकानदाराला त्याचा काय दिलासा?

नितीश स्वतः पैसे खात नाहीत, एवढ्यावर लोकांनी त्यांना पुन्हा निवडले असते असे मला वाटत नाही. देशात प्रामाणिक आणि निष्फळ नेते पुष्कळ होऊन गेले. बिहारमध्ये फरक लोकांच्या डोळ्यांना दिसला. शस्त्रास्त्र कायद्याखालचे खटले झटपट चालवले, म्हणून संध्याकाळनंतर रस्त्यावर माणसे दिसू लागली. २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळू लागले. कब्रस्तानांना कुंपणे घालून जमिनीच्या जुन्या भांडणांना आळा घातला. भ्रष्ट अधिकाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा केला. त्याखाली पाटण्यातला एका सनदी अधिकाऱ्याचा बंगला ताब्यात घेऊन २०११ मध्ये तिथे शाळा भरवली. २०१०च्या निवडणुकीत २४३ पैकी २०६ जागा सत्ताधारी आघाडीला मिळाल्या, लालूंचा पक्ष २२ वर आला.

पण गोष्ट इथे संपवली तर ती जाहिरात होईल. त्याच नितीश यांनी पुढे २०१७, २०२२ आणि २०२४ मध्ये सोबती बदलले, खुर्ची मात्र तीच. गंगेवरचा सुलतानगंज-अगुवानी पूल बांधकाम चालू असतानाच २०२२ ते २०२४ या काळात तीनदा कोसळला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्या सिस्टीमवर कुणाची नजर नसते ती कितीही चांगल्या माणसाने लिहिली तरी सडते, हे आम्ही रोज पाहतो. माझा भरवसा म्हणूनच नेत्यापेक्षा त्याने मागे ठेवलेल्या नियमावर जास्त आहे. २०११ मध्ये बिहारने लोकसेवा हक्काचा कायदा लागू केला, त्यात कामाची मुदत ठरली आणि ती मोडणाऱ्या अधिकाऱ्याला दंड.

तसाच कायदा महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. किती जणांना माहीत आहे? कोणती सेवा किती दिवसांत आणि कोणाकडून मिळणार, हे कार्यालयाच्या फलकावर लावावे लागते. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, मग थेट आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. पाच हजार फार नाहीत, पण ते स्वतःच्या खिशातून जातात म्हटल्यावर माणूस फाइल शोधतो.

मी एजंटाला पैसे दिले नाहीत, नगरसेवकालाही फोन केला नाही. पावती जोडून पहिले अपील टाकले. आठवडा गेला, बहीण रोज रडवेली होऊन विचारायची आणि घरच्यांनी मला मूर्ख ठरवले. प्रवेशाच्या दोन दिवस आधी दाखला मिळाला. अगदी थोडक्यात निभावले, हे मान्य करतो.

आता दर शनिवारी आम्ही चौघे मोहल्ल्यातल्या वाचनालयात टेबल मांडून बसतो. लोकांचे अर्ज ऑनलाइन भरून देतो, मुदतीची तारीख पावतीवर लाल पेनाने लिहितो. गेल्या शनिवारी नगरसेवकाचा एक कार्यकर्ता येऊन उभा राहिला. कोणत्या पक्षाकडून बसलात, असे त्याने दोनदा विचारले. मग खिशातून आईच्या रेशनकार्डाची झेरॉक्स काढली आणि रांगेत बसला.