कमाई जुनी, नोंद नवी

पालकसभा संपली की आया माझ्याजवळ थांबतात, त्या हल्ली मुलांच्या मार्कांसाठी कमी आणि कागदपत्रांसाठी जास्त. त्यात एक प्रश्न इतक्यांदा कानावर आला की या महिन्याचं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. "बाजी, इत्ते साल बगैर कागज के काम करे. अब नाम लिखाए तो पिछला हिसाब पूछते क्या?"

विचारणाऱ्या सगळ्या कमावत्या आहेत. कोणी ब्लाउज शिवतं, कोणी फॉल-पिकोचं मशीन चालवतं, कोणी रमजानच्या आधी शेवया करून विकतं, कोणी चौथीपर्यंतच्या मुलांची शिकवणी घेतं. पण शाळेच्या प्रवेश अर्जावर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात त्यांनी 'गृहिणी' असं लिहिलेलं असतं. ज्या मुलीची वह्या-पुस्तकं त्याच शिलाई मशीनच्या पैशातून येतात, तिच्याच अर्जावर! मी कधी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काम कसलं मॅडम, घरी बसल्या बसल्या थोडंफार."

केज तालुक्यातल्या एक बाई चौदा वर्षं असं 'थोडंफार' करताहेत. नवरा ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मागच्या वर्षी त्यांना गणवेशाचं मोठं काम मिळत होतं. इंटरलॉकची मशीन हवी होती, म्हणून त्या बँकेत गेल्या. साहेबांनी विचारलं, व्यवसायाचा पुरावा काय? बाईंकडे चौदा वर्षांची गिऱ्हाइकं होती, मापांच्या दोन वह्या होत्या, पण बँकेला चालेल असा कागद एकही नव्हता. काम दुसरीकडे गेलं. त्यानंतरही नाव नोंदवायला त्या तयार नव्हत्या. कारण तेच: इतकी वर्षं लपवलं म्हणून दंड बसला तर?

आधी ही भीती बाजूला करू. छोट्या धंद्याची सरकारी नोंद म्हणजे उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत होते आणि उशिरा केली म्हणून दंड नाही. अर्जात व्यवसाय कधी सुरू केला ती तारीख विचारतात. तिथे खरी तारीख लिहायची. पुष्कळजणी घाबरून आजची तारीख टाकतात आणि चौदा वर्षांचा अनुभव स्वतःच्या हातानं पुसतात. तारीख आठवत नसेल तर मुलांच्या इयत्तेवरून मोजा: मशीन आणली तेव्हा थोरली पहिलीत होती की दुसरीत? शाळेच्या जनरल रजिस्टरवरून साल निघतं. महिना थोडा मागेपुढे झाला तरी साल खरं असू द्या. पॅन कार्ड नसेल आणि जीएसटी लागू होत नसेल, तर उद्यम असिस्ट नावाची दुसरी सोय जानेवारी २०२३ पासून आहे. बँकेत त्याची चौकशी करा. बँकेच्या कर्जासाठी तेही प्रमाणपत्र धरतात.

दुसरी भीती इन्कम टॅक्सची. आयकर घराचा मोजत नाहीत, एकेका माणसाचा मोजतात. शिलाईतून महिन्याला ९ हजार सुटत असतील तर वर्षाचे झाले १ लाख ८ हजार. नव्या पद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्याआधीची कितीतरी वर्षं ही मर्यादा अडीच लाखांची होती, आणि तेव्हा या बाईंची कमाई आजच्या निम्मीही नव्हती. मग मागचं देणं निघणार कुठून? जीएसटी तर फार लांबची गोष्ट. आपल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या उलाढालीनंतर ती नोंदणी लागते. ज्यांची कमाई खरोखर करपात्र होती आणि विवरणपत्र भरलं नाही, त्यांचं प्रकरण वेगळं. त्यांनी चांगला सीए गाठावा.

खाण्याच्या वस्तू विकणाऱ्यांनी मात्र निर्धास्त राहू नये. शेवया, लोणचं, नानकटाई, केक घरून विकत असाल तरी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. छोट्या विक्रेत्याला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. ती न करता विकणं हा कायद्याचा भंगच आहे, आणि शंभर रुपयांसाठी तो कोणी करू नये.

तिसरी भीती कुजबुजत सांगितली जाते: 'लाडकी बहीण' बंद होईल. त्या योजनेची अट कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे, वर्षाला अडीच लाखांपर्यंत, आणि घरात कोणी आयकर भरणारं नसावं. उद्यमचं प्रमाणपत्र घेतल्यानं घरचं उत्पन्न वाढत नाही. विवरणपत्र भरणं आणि कर भरणं याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण नवरा-बायकोची मिळून कमाई अडीच लाखांच्या वर जात असेल, तर नोंद असो वा नसो, त्या पैशावर आपला हक्क नाही. कडू वाटेल, पण हे झाकून सल्ला देता येत नाही.

उशिराचा दंड नाही, पण तोटा आहे. असंघटित कामगारांसाठी ई-श्रमची नोंद १६ ते ५९ वयापर्यंतच होते. श्रमयोगी मानधन पेन्शनचं दार त्याहून आधी, चाळिशीला बंद होतं. महिन्याचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असलेल्या बाईनं अठराव्या वर्षी नाव घातलं तर महिन्याला ५५ रुपये, चाळिसाव्या वर्षी २०० रुपये. तेवढीच रक्कम सरकार घालतं आणि साठीनंतर महिन्याला ३ हजार मिळतात. अटल पेन्शनलाही चाळिशीचीच अट. केजच्या बाई एकेचाळीस वर्षांच्या आहेत. एवढ्या एका वर्षानं दोन्ही दारं बंद झाली. त्यांच्या हाताखाली शिकणारी शेजारची मुलगी बावीस वर्षांची आहे. तिनं तरी थांबू नये.

उशिरा नोंद झालेल्यांत मोठी नावंही आहेत. मुंबईच्या गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, तोच लिज्जत. संस्था म्हणून त्यांची नोंदणी झाली १९६६ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. त्याच साली खादी ग्रामोद्योग आयोगानं त्यांना मान्यता दिली आणि ८ लाखांचं खेळतं भांडवल मिळालं. पापड आधीही तेच होते.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्या घरांत ती अडते. नोंदणी म्हणजे कर्ज नव्हे. व्याजाच्या भानगडीत पडायचंच नाही असं ज्यांनी ठरवलंय, त्यांनीही नाव नोंदवावं. शिंप्यांसह १८ कारागिरांसाठी असलेल्या विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाचे रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत कर्ज न घेताही मिळते. फक्त एका कुटुंबातून एकालाच, आणि घरात सरकारी नोकर असेल तर नाही. आणि लिहून ठेवण्याची आपल्याला सवय नाही असं कसं म्हणावं? कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. जकातीचा हिसाब तर घरोघरी बायकाच ठेवतात.

एजंटांपासून जपा. मोफत नोंदणीचे हजार-दीड हजार घेणारे भेटतातच. त्याहून घातक आहेत ते 'तीन वर्षांचे रिटर्न एकदम काढून देतो' म्हणणारे. ३१ डिसेंबर उलटला की त्या वर्षाचं शून्य कराचं विवरणपत्र मागे जाऊन भरता येत नाही. कर्जासाठी फुगवलेलं उत्पन्न दाखवलं तर त्याखाली सही तुमची असते, एजंटाची नाही.

प्रत्यक्षात अर्ज अडतो तो वेगळ्याच ठिकाणी: नावाशी. आधारवर 'शेख शबाना बी', पॅनवर 'शबाना बेगम शेख', बँकेच्या पासबुकावर माहेरचं आडनाव. मशीनला या तीन वेगळ्या बायका वाटतात. शिवाय आधारला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा, आणि तो फोन ट्रकमध्ये लातूरच्या रस्त्यावर. ओटीपी येतो तिकडे. म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन नाव एकसारखं करा, नंबर स्वतःचा लावा, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी उद्यम. या दुरुस्त्यांना दिवस लागतात. रमजानचे कपडे शिवायला यायच्या आत, रज्जबच्या महिन्यातच हे उरकून घ्या. शाबान लागला की मशीनवरून उठायला कोणाला फुरसत?