फिजिक्स घेऊन काय करणार?

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, घरोघरी एकच प्रश्न, "नीटला किती आले?" कमी आले तर सीईटी. तिथंही जमलं नाही तर, "मग टाका बीएस्सीला." टाका! जणू पोरगी म्हणजे अडगळीतलं सामान. अशात एखादीनं स्वतःहून सांगितलं, की मला बीएस्सीच करायचंय, तेही फिजिक्स ऑनर्स, तर घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. "फिजिक्स घेऊन काय करणार? आणि चार वर्षं? लग्नाचं काय?"

माझी भाची सध्या याच वाटेवर आहे. मालेगाव तालुक्यातलं खेडं, दहावीपर्यंत मराठी शाळा. पहिल्या सत्रात ती रडकुंडीला आली. शाळेतल्या 'त्वरणा'चं 'अ‍ॅक्सिलरेशन' झालं, ते बारावीपर्यंत कसंबसं पचवलं. आता त्यामागून कॅल्क्युलस आलं. आधी सूत्र पाठ करायचं, आकडे घालायचे, उत्तर काढायचं. इथं सर विचारतात, हे सूत्र आलं कुठून? पहिल्या चाचणीत चाळीसपैकी तेरा! लगेच घरातले मोठे म्हणाले, "हे पोरींचं काम नाही."

मला हे मुळीच पटत नाही. पोरीची पोळी वाकडी झाली तर आपण म्हणतो, "येईल हळूहळू." गणित चुकलं की मात्र, "तुला जमायचं नाही." असं का हो?

आणि हा विषय आपल्यापासून फार लांबचाही नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत लंबकाचा प्रयोग असतो. लंबक म्हणजे आपला पंचमीचा झोकाच समजा. झोका लहान असेल तोवर त्यावर सात वर्षांची पोर बसो की माझ्यासारखी वजनदार बाई, एका फेरीला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. तो ठरतो दोराच्या लांबीवर. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट. भाचीनं मला हे दोरीला कुलूप बांधून दाखवलं. एक मीटर दोरी, दहा फेऱ्या, साधारण वीस सेकंद. एवढ्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते तेही काढता येतं म्हणे! खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंदानं वाढतो, तो आकडा यातून निघतो. इतकी वर्षं झोके घेतले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं बोलते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२४-२५ पासून राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतही पदवीची रचना बदलली. एका वर्षानं बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. अडीअडचणीला ही सोय चांगलीच. पण माझी भीती वेगळी आहे. "प्रमाणपत्र मिळालं ना, बास झालं," म्हणत पोरीला घरी आणायला आपल्या हाती आयतं कारण आलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा आहे, खरं. पण एकदा सासरी गेलेली पोर परत वर्गात येऊन बसणं किती कठीण, ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

चौथं वर्ष वाया जातं, हाही गैरसमज आहे. तीन वर्षांच्या पदवीवर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांच्या ऑनर्सवर एका वर्षाची. बेरीज दोन्हीकडे पाचच! मात्र कॉलेजात ऑनर्सचं चौथं वर्ष आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्या. आयआयटीत एमएस्सी करायची तर 'जॅम' नावाची परीक्षा असते, तीही पोरीला सांगून ठेवा. आणि पुढे स्पर्धा परीक्षांकडे वळली, तरी पदवी कामी येतेच.

डॉ. रोहिणी गोडबोले यांचंच पाहा. १९५२ साली पुण्यात जन्म. तिथल्याच एस. पी. कॉलेजातून बीएस्सी, मग मुंबईच्या आयआयटीतून एमएस्सी, अमेरिकेत पीएचडी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक झाल्या, सूक्ष्म कणांच्या संशोधनात जगभर नाव कमावलं, २०१९ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्या गेल्या. आपण जिथं पोरींना 'टाकतो', त्या बीएस्सीपासूनच त्यांचीही वाट सुरू झाली होती.

पुण्याची गोष्ट वेगळी, वाशिमची वेगळी, हे मलाही कळतं. खोलीचं भाडं, एसटीचा पास, सोयाबीनचा भाव या सगळ्याचा मेळ घालावा लागतो. प्रत्येक पोर शास्त्रज्ञ होईल असंही नाही. पण मुलासाठी आपण हाच मेळ घालतो ना? त्याला एका चाचणीवरून कुणी घरी बसवत नाही.

भाचीला दुसऱ्या चाचणीत एकवीस मिळाले. फार नाहीत, पण ते तिचे स्वतःचे आहेत. तुमच्या घरातल्या पोरीनं फिजिक्स मागितलं, तर "काय करणार?" हे नंतर विचारा. आधी ठरवा, तिला ही चार वर्षं निवांत कशी देता येतील.