पूर्व कोलकात्याची पाणथळ : जमिनीचा भाव आणि पाण्याचे मोल

शहराचा विस्तार होऊ लागला की पहिला घाला पडतो तो सखल, पाणथळ जमिनीवर. कागदोपत्री ती पडीक ठरते आणि भराव पडताच तिला सोन्याचा भाव येतो. भरावापूर्वी ही जमीन कोणते काम करीत होती, याचा हिशेब मात्र सहसा मांडला जात नाही. पूर्व कोलकात्याचा पाणथळ प्रदेश हा या दृष्टीने देशातील सर्वांत बोलका दाखला आहे.

कोलकात्याचा नैसर्गिक उतार पश्चिमेच्या हुगळीकडे नसून पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणी कालव्यांतून पूर्वेला जाते. बिद्याधरी नदी गाळाने भरून निकामी झाल्यावर, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात येथील मच्छीमारांनी हेच सांडपाणी उथळ तळ्यांत घेण्यास प्रारंभ केला. ‘भेरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तळ्यांत जीवाणू मैल्याचे विघटन करतात. त्यातून मिळणाऱ्या पोषणावर आणि सूर्यप्रकाशावर शेवाळ वाढते, ते पाण्यात प्राणवायू सोडते आणि रोहू, कटला यांसारख्या माशांचे खाद्यही ठरते. तळ्यांतून बाहेर पडणारे पाणी भातशेतीला मिळते. एकाच जमिनीतून जलशुद्धी, अन्न, रोजगार आणि पूरनियंत्रण अशा चार सेवा शहराला लाभतात.

राज्य शासनाच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी १९८० च्या दशकात या व्यवस्थेचे शास्त्रीय महत्त्व उजेडात आणले. मात्र तत्पूर्वीच, १९६० च्या दशकापासून, याच पट्ट्यात भराव घालून सॉल्ट लेक उपनगर उभे राहू लागले होते. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने उर्वरित क्षेत्रातील जमीनवापर बदलण्यास प्रतिबंध केला. २००२ मध्ये १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला.

तथापि, केवळ कायद्याने प्रश्न सुटलेला नाही. भराव आणि अनधिकृत बांधकामे यांच्या जोडीला येथे एक छुपा धोका आहे. कालवे गाळाने भरले आणि भेरींना पुरेसे सांडपाणी मिळाले नाही, तर मत्स्यशेती परवडेनाशी होते. मग तळी कोरडी पडतात आणि मच्छीमारापुढे जमीन विकण्यावाचून पर्याय उरत नाही. कारखान्यांचे विषारी पाणी त्यात मिसळले, तर मासळीवरील ग्राहकाचा विश्वासही ढळतो. म्हणजेच येथे केवळ कुंपण घालून संरक्षण होणार नाही. मच्छीमाराचा व्यवसाय टिकला तरच पाणथळ टिकेल. माणसाचा जमीनवापर नेहमीच निसर्गाच्या मुळावर येतो, या समजाला हे उदाहरण छेद देते. वापर कसा आहे, हाच खरा प्रश्न आहे.

पाणथळीचे काम थांबले की त्याची किंमत अन्य मार्गाने मोजावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भराव आणि अतिक्रमणांनी आक्रसलेल्या मिठी नदीने मुंबईला हा धडा दिला. २०१५ च्या महापुरात चेन्नईनेही तो अनुभवला. तेथील पल्लीकरणै दलदलीचा मोठा भाग रस्ते, इमारती आणि कचराभूमीने आधीच गिळला होता. रामसर दर्जा मिळाला तो २०२२ मध्ये.

आज देशात नव्वदहून अधिक रामसर स्थळे आहेत. ही संख्या भूषणावह असली, तरी यशाची खरी कसोटी नगररचनेच्या आराखड्यात लागेल. तळे बुजवण्यास परवानगी देताना, ते विनामूल्य करीत असलेले काम उद्या कोण आणि किती खर्चाने करणार, या प्रश्नाचे उत्तर त्या आराखड्यात नोंदवणे बंधनकारक व्हावयास हवे.