उडवणाऱ्याला चाळीस टक्के, बसणाऱ्याला पाच

मी विमानं दुरुस्त करतो हे कळलं की फुलंब्रीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, अ‍ॅव्हरेज किती देतं?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर लोकांना वाटतं तितकं भयंकर नाही. सेसना १७२ हे चार माणसांचं, एका इंजिनाचं विमान तासाला ३३ ते ३५ लिटर इंधन घेतं आणि तेवढ्या वेळात दोनशे किलोमीटर जातं. म्हणजे लिटरला सहा किलोमीटर. जाधववाडीच्या मार्केटला अद्रक घेऊन जाणारी भरलेली आयशरही फार वेगळं देत नाही. विमानाचं इंधन मोटारीच्या पेट्रोलपेक्षा बरंच महाग आहे, हे खरं. तरी छोटं विमान सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर का गेलं याचं मोठं कारण त्याच्या टाकीत सापडत नाही. ते कराच्या तक्त्यात सापडतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के कर आणि वर ३ टक्के उपकर होता. आता ते विमान यॉट, कॅसिनो, रिव्हॉल्व्हर आणि साखरेच्या शीतपेयांच्या रांगेत बसलं. नवं सेसना १७२ आज चार लाख डॉलरच्या पुढे आहे. साडेतीन कोटी रुपये धरले तर त्यावर एक कोटी चाळीस लाख नुसता कर. तेच विमान भाड्याच्या सेवेसाठी किंवा प्रशिक्षणासाठी आणलं, तर कर ५ टक्के. दहा माणसांचं जेट चार्टर कंपनीने आणलं, तरी ५ टक्केच. भाड्यावर कर लागतो, तो वेगळा. थोडक्यात, मागच्या मऊ सीटवर बसून जाणाऱ्याच्या विमानाला पाच आणि पुढे बसून स्वतः दांडा धरणाऱ्याच्या विमानाला चाळीस. मला हा अन्याय वाटतो आणि तो श्रीमंतांवर होत नाही. श्रीमंताला विमान हवं तेव्हा मिळतं, चालवायला माणूसही मिळतो. अन्याय होतो तो ज्याला स्वतःला उडायचं आहे त्याच्यावर.

आमच्या शहराला चैनीचं वावडं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवसात १५० मर्सिडीज विकल्या गेल्या, ६५ कोटींच्या. सगळ्यांनी मिळून सौदा केला, बँकेकडून व्याजही कमी करून घेतलं. देशभर बातम्या झाल्या, आम्हाला अभिमान वाटला. मला त्यातलं मर्सिडीजपेक्षा 'सगळ्यांनी मिळून' हे जास्त आवडलं होतं, कारण विमानाच्या बाबतीत नेमकं तेच करायला हवं आहे.

मी फुलंब्री तालुक्यातला. आमच्या आण्णांचं आयुष्य कपाशी, मका आणि अद्रक यांत गेलं. मी विमान देखभालीचा परवाना काढला आणि खानदेशात, पश्चिम महाराष्ट्रात प्रशिक्षण संस्थांच्या हँगरमध्ये उमेदवारी केली. काही वर्षं एका उद्योजकाचं खासगी सेसना माझ्या देखरेखीखाली होतं. मालकीचं विमान म्हणजे नेमका काय खर्च असतो, हे त्या विमानाने मला शिकवलं.

विमान घेताना माणूस किमतीचा विचार करतो. ती एकदाच द्यायची असते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो आणि तो विमान उडो वा न उडो, चालूच राहतो. हँगरचं भाडं, विमा, दरवर्षी उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राची तपासणी. दर शंभर तासांना कवच उघडून इंजिनची झडती. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऐंशी पौंडांच्या दाबाने हवा सोडायची आणि किती टिकते ते घड्याळावर बघायचं. एक्झॉस्टमधून फुसफुस ऐकू आली तर व्हॉल्व्ह गळतोय, तेलाच्या तोंडातून आली तर पिस्टनची रिंग गेली. ऑइल फिल्टर काढून कापायचा, आतला कागद उलगडून उन्हात धरायचा आणि त्यात धातूची चमक दिसते का ते शोधायचं. एक बारीकशी कपची सापडली तरी मालकाला फोन जातो, आणि तो फोन करताना मला नेहमी जड जातं. सुटे भाग बहुतेक परदेशातून येतात. त्यांच्यावरचा कर २०२४ च्या जुलैपासून सरसकट ५ टक्के झाला, हे चांगलं झालं. निळ्या रंगाचं ते खास पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस, २०२२ पर्यंत बाहेरून यायचं. मग इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत ते तयार करायला घेतलं. हेही चांगलं झालं. म्हणजे सरकारला हा विषय कळत नाही असं नाही.

पण एक गोष्ट मालकांना कुणी सांगत नाही. या विमानांमध्ये बहुधा लायकमिंगचं इंजिन असतं आणि त्याचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला बसवलेला असतो. इंजिन थांबलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली उतरतं. विमान आठवड्याला उडत असेल तर काही बिघडत नाही. ते दोन-दोन महिने, त्यातही पावसाळ्यात, उभं राहिलं की उघड्या पडलेल्या कॅमवर गंज धरतो. मग एक दिवस इंजिन सुरू होतं, गंजलेला भाग घासला जातो आणि लाखो रुपयांचं काम निघतं. कंपनीने इंजिन उतरवून पूर्ण खोलायची मुदत दिली आहे ती २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. वर्षाला चाळीस तास उडणाऱ्या माणसाचे १२ वर्षांत पाचशे तासही होत नाहीत. खर्च मात्र दोन हजार तासांचाच बसतो.

मी सांभाळलेल्या त्या विमानाचं हेच झालं. मालक मनाने उमदे, उडण्याची खरी आवड, पण धंद्यातून सवड मिळेना. विमान उभं राहून झिजलं. एकट्याच्या मालकीला मी तेव्हापासून विरोध करतो. दहा-बारा जणांनी मिळून एक विमान घ्यावं, वर्षाला चार-पाचशे तास उडवावं. इंजिन निरोगी राहतं, हँगरचं भाडं वाटलं जातं आणि तासाचा खर्च कुठल्या कुठे खाली येतो.

आणि एवढं सगळं कशासाठी, हे त्याच विमानातून दिसलं. चिकलठाण्याहून जळगावकडे निघालं की फुलंब्री वाटेतच लागतं. तपासणीनंतर विमान तिकडे न्यायचं होतं, मी शेजारच्या सीटवर. सकाळी निघण्याआधी वैमानिकाने पंखातल्या टाकीतून काचेच्या नळीत थोडं इंधन काढलं, उजेडात धरलं. निळ्या पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थेंब असेल तर तो मण्यासारखा वेगळा दिसतो. नव्हता. तरी त्याने दुसऱ्या टाकीतूनही काढून पाहिलं. यंत्राची अशी काळजी घेणारा माणूस मला फार आवडतो.

साडेचार हजार फुटांवर सावंगीजवळ समृद्धी महामार्गाची गाठ दिसली. पुढच्या काही मिनिटांत आमचं शिवार आलं. काळ्या प्लास्टिकची शेततळी चमकत होती, अद्रकाचे गादीवाफे ओळीने आखलेले, आणि गिरिजेचं पात्र कुठे भरलेलं, कुठे कोरडं, ते एका नजरेत कळत होतं. आमचं वावर मी विहीर आणि तिच्याजवळच्या लिंबावरून ओळखलं. पुढे अजिंठ्याचा डोंगर संपतो तिथे जमीन एकदम खाली जाते आणि खानदेशातल्या केळीचा हिरवा पट्टा सुरू होतो. मराठवाडा आणि खानदेश यांच्यातला फरक मी भूगोलात शिकलो होतो. तो खरा कळला त्या दिवशी. घरी आल्यावर मोबाइलवरचे फोटो आण्णांना दाखवले. त्यांनी विमानाचं काही विचारलं नाही. फोटोवर बोट ठेवून आमच्या बांधावरून पाणी कुठून येतं, कुठे वळतं आणि वरच्या अंगाला नाला कुठे अडवायला हवा, ते समजावून सांगितलं. आयुष्यभर पायाखाली तुडवलेली जमीन त्यांनी पहिल्यांदा अख्खी पाहिली होती.

हे सुख एकेकाळी सरकारच वाटत होतं. १९२८ च्या सुमारास मुंबई, कराची, दिल्ली, कलकत्ता इथे फ्लाइंग क्लब सुरू झाले ते सरकारी मदतीवर. ब्रिटिश सरकारलासुद्धा लोकांनी उडायला शिकावं असं वाटत होतं. मुंबईच्या क्लबात जेआरडी टाटा शिकले, १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते एका इंजिनाच्या छोट्याशा पस मॉथमधून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. देशाची विमानसेवा एका हौशी उडणाऱ्याच्या हातून उभी राहिली. २०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडितने सायनस जातीच्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. अशा विमानातून तो ओलांडणारी ती पहिली स्त्री. छोटी विमानं काय करू शकतात हे आपल्याच माणसांनी दाखवलेलं आहे.

यावर मला गावातच एक प्रश्न विचारला जातो आणि तो मी टाळत नाही. शेतकरी कर्जात बुडालेला, पावसाचा भरवसा नाही, अशा मराठवाड्यात विमानाची गोष्ट काढायची का? काढायची, कारण त्या विमानाचा खर्च आज शेतकरीच भरतो आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि सगळं मिळून खर्च पन्नास लाखांच्या आसपास किंवा वर जातो. आमच्या भागात मुलाला किंवा मुलीला वैमानिक करण्यासाठी जमिनीचा तुकडा विकलेली घरं मला माहीत आहेत. एवढे पैसे घालण्याआधी पोराला उडायला जमतं का, आवडतं का, हे तपासायची जागाच नाही. खासगी परवाना ४० तासांचा असतो. गावाजवळ क्लब असेल तर पहिल्या दहा तासांतच कळतं. मग जमीन विकायची की नाही, ते डोळे उघडे ठेवून ठरवता येतं.

आणि जिथे रस्ता नसतो, तिथेही माणसं उडायचा प्रयत्न करतातच. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत ऑगस्ट २०२१ मध्ये एक तरुण वेल्डर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटून गेला. त्याला मार्गदर्शन करणारं, त्याचं वेल्डिंग तपासणारं, 'अजून सुरू करू नकोस' म्हणणारं जवळपास कुणी नव्हतं. ते काम माझ्यासारख्यांचं होतं, म्हणून ही बातमी मी विसरू शकत नाही. दुसरीकडे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते साऱ्या देशाने पाहिलं. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी आली २०१९ मध्ये, आणि धुळ्याला ते हवेत गेलं २०२० मध्ये. मोठ्या विमान कंपनीत वैमानिक असलेल्या माणसाला एवढी वर्षं लागली. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे आणि बांधणी चालू असतानाच जाणकार येऊन तपासून जातात. सुरक्षा तिथून येते.

नियम हवेतच. मी नियमांवरच जगतो. लॉगबुकात माझी सही झाल्याशिवाय विमान हलत नाही आणि ते तसंच असलं पाहिजे. उड्डाणाला हवाई संरक्षणाची मंजुरी लागते, नजरेच्या भरवशावर उडायचं तर सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी ते सूर्यास्तानंतर वीस मिनिटं एवढीच मुभा. यातलं काही सैल करा असं मी म्हणत नाही. करातला भेदभाव काढा, एवढं म्हणतो. दोन हजार किलोच्या आतलं, एका इंजिनाचं विमान (सेसना १७२ पूर्ण भरल्यावर साडेअकराशे किलोच्या आसपास असतं) क्लबच्या किंवा सामायिक मालकीचं असेल, तर त्याला प्रशिक्षणाच्या विमानाइतकाच ५ टक्के कर लावावा. महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनी जीएसटी परिषदेत हे मांडावं.

जागाही आहे. २००९ मध्ये लातूर, नांदेड, धाराशिव, यवतमाळ आणि बारामतीच्या धावपट्ट्या ९५ वर्षांच्या करारावर खासगी कंपनीकडे गेल्या. यातल्या लातूर, धाराशिवसारख्या धावपट्ट्या नियमित प्रवासी विमानाविना पडून आहेत. तिथे क्लब सुरू करायला एक पत्र्याचं हँगर, अ‍ॅव्हगॅसची काही बॅरलं, एक शिकवणारा वैमानिक आणि एक परवानाधारक इंजिनिअर लागतो. सरकारने पहिल्या तीन गोष्टी जुळवाव्यात. चौथ्या कामाला मी पगाराचा आकडा न विचारता फुलंब्रीहून निघायला तयार आहे.